कमाईवर कर, वारशाला माफी
केंद्रीय अर्थमंत्र्यांना बेंगळुरूहून एक खुले पत्र

मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली



आपण राज्यसभेत कर्नाटकाच्या प्रतिनिधी आहात. मी ज्या राज्यात राहतो आणि कर भरतो, त्याच राज्याच्या वतीने आपण संसदेत बसता, म्हणून हे पत्र आपल्याच नावे. ते मराठीत लिहिण्याचे कारण असे, की ज्यांचे जमाखर्च लिहिण्यात माझी उमेदीची वर्षे गेली ती बहुतेक माणसे मराठी आहेत.

20 सप्टेंबर 2019 रोजी आपण पणजीत पत्रकार परिषद घेतली आणि कंपन्यांचा आयकर एका फटक्यात 30 टक्क्यांवरून 22 टक्क्यांवर आणला. अधिभार आणि उपकर धरून 25.17 टक्के. नव्याने उत्पादन सुरू करणाऱ्या कंपन्यांना 15 टक्के. यामुळे वर्षाला 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल, हेही आपण त्याच दिवशी सांगितले. त्या निर्णयावर मी इथे टीका करणार नाही. धंद्यावरचा कर माफक असावा आणि सवलतींच्या पळवाटा कमी असाव्यात, हे माझेही मत आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हा माफकपणा नेमका कोणाच्या वाट्याला आला आणि कोणाच्या आला नाही, ते आपल्यासमोर मांडायचे आहे.

चिकपेट आणि नगरथपेटच्या गल्ल्यांत सोन्याची गलाई करणारी आमची माणसे आहेत. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून ती पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली. एखाद्या दिवशी त्यांच्या दुकानात पाऊल टाकून पाहा. दोन माणसे जेमतेम बसतील एवढी खोली, कोपऱ्यात भट्टी, तेजाबाच्या वाफेने काळवंडलेली भिंत. सोनाराकडून मोड येते. मुशीत जुनी बांगडी वितळते, तिच्यातले तांबे-चांदी वेगळे काढायचे, शुद्ध सोने तोलून परत द्यायचे आणि मजुरी घ्यायची. सोने दुसऱ्याचे, घट आली तर भरपाई आपल्या खिशातून. असा धंदा सहसा दोन भाऊ किंवा मामा-भाचे भागीदारीत करतात. आणि भागीदारी पेढीच्या नफ्यावर आयकर किती? भागीदारांच्या पगाराची ठरावीक मर्यादेपर्यंत वजावट मिळते, पण उरलेल्या नफ्यावर पहिल्या रुपयापासून 30 टक्के. उपकर धरून 31.2.

म्हणजे याच शहरात, इलेक्ट्रॉनिक सिटीतली हजारो कोटी कमावणारी कंपनी शंभर रुपयांच्या नफ्यावर 25 रुपये 17 पैसे भरते आणि नगरथपेटेतले दोन भाऊ 31 रुपये 20 पैसे. 2019 चा कपातीचा हात त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. कोणी म्हणेल, त्यांनी कंपनी काढावी. पण कंपनी काढली की दरवर्षीचे ऑडिट आले, कंपनी निबंधकाकडची विवरणपत्रे आली, ती भरायला माणूस आला. भट्टीपाशी बसणाऱ्याला हा बोजा उचलायला लावण्यापेक्षा दर समान करणे सोपे आहे. कायद्यातल्या एका कलमाचे ते काम आहे.

जुलै 2025 मध्ये या शहरातल्या छोट्या दुकानदारांवर जे गुदरले ते आपल्याला माहीत असेलच. राज्याच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवरच्या जमेचे आकडे मागवले आणि बेकरीवाले, चहावाले, दूधवाले, भाजीवाले अशा हजारो लोकांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. चार-चार वर्षांची थकबाकी, वर व्याज आणि दंड. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला 29 लाखांची नोटीस आल्याची बातमी देशभर गाजली; ताज्या भाजीवर तर जीएसटीच नाही. मालाच्या विक्रीला 40 लाखांची आणि सेवेला 20 लाखांची मर्यादा आहे. ती ओलांडली तर नोंदणी करायला हवी, यात दुमत नाही. परंतु खात्यात आलेली प्रत्येक रक्कम म्हणजे विक्री नव्हे, आणि प्रत्येक विक्री करपात्र नव्हे. नाक्यावरच्या दुकानात दुधाच्या पिशव्यांच्या रॅकवर चिकटवलेला क्यूआर कोड वर्तमानपत्राच्या तुकड्याने झाकलेला मी पाहिला, आणि त्यावर पेनाने लिहिलेले : ‘फक्त रोख’. ज्या यूपीआयचा आपण जगभर अभिमानाने उल्लेख करतो, तिच्यावर त्या आठवड्यात हा प्रसंग ओढवला. पुढे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतली, नोंदणी करणाऱ्यांची जुनी थकबाकी वसूल करणार नाही असे सांगितले आणि व्यापाऱ्यांनी पुकारलेला बंद टळला. दिल्ली आणि बेंगळुरू यांच्यात दोष कोणाचा यावर वाद झाला. मला त्यात पडायचे नाही.

मला जे दिसले ते एवढेच. पंधरा-वीस रुपयांच्या चहाची प्रत्येक नोंद सरकार वाचू शकते. मग एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाणाऱ्या शेकडो कोटींच्या नोंदी त्याच सरकारला दिसत नाहीत का? दिसतात. त्यांवर कर लावायचा नाही, असे आपण ठरवले आहे.

मार्च 2024 मध्ये इन्फोसिसच्या संस्थापकांनी आपल्या चार महिन्यांच्या नातवाला कंपनीचे 15 लाख शेअर भेट दिले. त्या दिवशीच्या बाजारभावाने ती रक्कम सुमारे 240 कोटींची होती. त्यात बेकायदा काहीही नाही. जवळच्या नातेवाइकाने दिलेल्या भेटीवर, मग ती कितीही मोठी असो, आपल्याकडे आयकर नाही. मृत्युपत्राने किंवा वारसाने मिळालेल्या संपत्तीवरही नाही. ते शेअर विकले तर भांडवली नफ्यावर 12.5 टक्के कर आणि अधिभार लागेल. न विकता पुढच्या पिढीला दिले, तिने तिच्या पुढच्या पिढीला दिले, तर वाढलेल्या किमतीवर कधीच काही लागणार नाही. पुण्यात 1981 मध्ये थोडक्या पैशांवर कंपनी काढून ती या उंचीला नेणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. आजोबांनी नातवाला द्यावे, हीही जगरहाटी आहे. माझा प्रश्न कायद्याला आहे.

आता याच शहरातल्या दुसऱ्या एका तरुणाचा हिशेब पाहा. सर्जापूर रस्त्यावर बांधकाम चालू असलेला 1 कोटीचा फ्लॅट तो कर्ज काढून घेतो. मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावर उपकर आणि अधिभार, ऑगस्ट 2025 च्या अखेरीस दुप्पट झालेले 2 टक्के नोंदणी शुल्क. मिळून साडेसात टक्क्यांच्या वर. शिवाय 5 टक्के जीएसटी. साडेबारा लाख रुपये सरकारजमा केल्यावर त्याला किल्ली मिळते, आणि हे पैसे त्याने आधीच आयकर कापून आलेल्या पगारातून भरलेले असतात. त्याच इमारतीतले दहा फ्लॅट वडिलांच्या मृत्युपत्राने ज्याला मिळतात, त्याला मुद्रांक शुल्क शून्य. आपल्या महाराष्ट्रात तर आई-वडिलांनी हयातीतच राहते घर मुलाला बक्षीसपत्राने दिले, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. स्थानिक अधिभार लागलाच तर तेवढाच वेगळा. राहत्या एका घरापुरती ही सवलत मला योग्यच वाटते. दहाव्या घरालाही तीच का?

वारसा कर म्हणजे एकाच पैशावर दोनदा कर, असा आक्षेप हमखास येतो. त्या तरुणाने तोच पैसा दोनदा नव्हे, तीनदा दिला आहे. पगारावर दिला, खरेदीवर दिला, नोंदणीवर दिला. मोठ्या वारशाच्या बाबतीत मात्र उलट असते. शेअरची किंवा जमिनीची वाढलेली किंमत विक्री होईपर्यंत एकदाही कराच्या कक्षेत आलेली नसते.

आणि ही वाढ कुठून आली, तेही पाहू. बेंगळुरूत 1909 मध्ये भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली ती जमशेटजी टाटांनी बाजूला काढलेल्या मुंबईतल्या मिळकतींवर आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या 371 एकरांवर. जमशेटजी 1904 मध्येच गेले होते. वडिलांनी समाजाला देऊ केलेला वाटा त्यांच्या मुलांनी आपल्याकडे वळवून घेतला नाही, म्हणून ती संस्था झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 मध्ये विमानांचा कारखाना काढला तोही म्हैसूर सरकारला भागीदार करून. आजचे एचएएल ते हेच. या दोन संस्थांच्या आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या सरकारी कारखान्यांच्या, प्रयोगशाळांच्या, महाविद्यालयांच्या सावलीत इथे इंजिनिअर तयार झाले. मग सॉफ्टवेअर आले. सॉफ्टवेअरच्या निर्यातीवर मिळालेल्या नफ्याला जवळपास दोन दशके आयकरात सूट होती. ती 31 मार्च 2011 रोजी संपली. सूट देणे चुकीचे नव्हते, त्यातूनच हा उद्योग उभा राहिला. पण ज्या नफ्यावर देशाने कर घेतला नाही त्या नफ्यातून शेअरचे भाव चढले, आणि ज्या जमिनीपाशी सरकारने रिंग रोड आणि मेट्रो नेली तिचा चौरस फुटाचा दर वाढला. या वाढीत मालकाच्या कर्तृत्वाचा वाटा आहे, तसा समाजाचाही आहे. मालक हयात आहे तोवर त्याला हात लावू नये, असे मी म्हणतो. ज्याने त्यासाठी काहीच केले नाही अशा हातात ती जाते त्या क्षणी समाजाने आपला छोटा वाटा मागावा.

अझीम प्रेमजींनी विप्रोच्या आर्थिक मालकीतला 67 टक्के वाटा आपल्या फाउंडेशनला देऊन टाकला. हे मोठेच दान आहे. पण एखाद्या दात्याच्या मनाच्या मोठेपणावर देशाचा महसूल उभा राहत नाही, आणि दान कोणत्या कामाला जावे हे दाता ठरवतो. कराचा पैसा कुठे जावा हे लोकांनी निवडून दिलेली माणसे ठरवतात.

हा विचार परदेशातून उचललेला आहे, असे आपले काही सहकारी म्हणतील. त्यांना चिंतामणराव देशमुखांची आठवण करून द्यावी. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि आपण आज ज्या खुर्चीवर आहात तिथले एक पूर्वसूरी. 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला हे मराठी माणूस विसरत नाही. पण 1953 चा मालमत्ता शुल्क कायदा त्यांच्याच अर्थमंत्रिपदाच्या काळातला, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेवर वारसांनी शुल्क भरायचे, असा तो कायदा. संविधानाच्या मूळ 269 व्या अनुच्छेदात या शुल्काची व्यवस्था मोठ्या शहाणपणाने केली होती : आकारणी आणि वसुली केंद्राने करायची, उत्पन्न राज्यांना द्यायचे.

तो कायदा फसला, हे मी झाकून ठेवत नाही. दर चढत चढत 85 टक्क्यांवर गेला, सूट इतकी कमी की मध्यमवर्गीयाचे घरही सापळ्यात यायचे. त्याच मिळकतीवर संपत्ती कर वेगळा, त्याचे मूल्यांकन वेगळे, अधिकारी वेगळा. विधवेने नवऱ्याच्या तेराव्यानंतर कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवायच्या. श्रीमंतांनी ट्रस्ट आणि एकत्र कुटुंबाच्या वाटांनी केव्हाच सुटका करून घेतली होती. 1985 मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांनी शुल्क रद्द केले तेव्हा त्यातून वर्षाला जेमतेम 20 कोटी येत होते. संपत्ती करही 2015 मध्ये गेला. 2013-14 मध्ये त्याने फक्त 1,008 कोटी दिले होते, आणि यात नवल नाही, कारण 1990 च्या दशकापासून शेअर त्यातून वगळलेले होते. देशातली मोठी संपत्ती शेअरमध्ये साठत होती आणि कर खाते गाड्या आणि दागिने मोजत होते.

आज परिस्थिती पालटली आहे. 1985 मध्ये शेअर म्हणजे कपाटातला कागद होता. आज सूचिबद्ध कंपनीचा जवळजवळ प्रत्येक शेअर डिमॅट खात्यात आहे, त्याला पॅन जोडलेला आहे, रोजचा भाव ठाऊक आहे. खातेदार गेला की ते शेअर वारसाच्या नावावर करायला डिपॉझिटरीकडे अर्ज करावाच लागतो. मूल्यांकनाचा वाद नाही, निरीक्षकाची फेरी नाही. ज्या व्यवस्थेने चहावाल्याच्या चार वर्षांच्या जमा एका क्षणात मांडल्या, तिला हे अवघड नाही.

माझे म्हणणे अगदी माफक आहे. नितीन भारती, लुका शान्सेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची या अर्थशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये 10 कोटींच्या वरच्या वारशावर 33 टक्के कर सुचवला. त्यांच्याच अभ्यासानुसार 2022-23 मध्ये देशातली 40 टक्के संपत्ती वरच्या 1 टक्का लोकांकडे होती. मी त्यांच्याही मागे थांबेन. एका वारसाला 25 कोटींपर्यंत काहीही लावू नका. त्यावर 10 टक्के, 100 कोटींच्या पुढे 20 टक्के. राहते घर वगळा. शेतजमीन तशीही संविधानाने राज्यांकडे ठेवली आहे, तिला हात नको. चालता धंदा वारसाकडे आला असेल तर दहा वर्षांचे हप्ते द्या, म्हणजे कर भरण्यासाठी कारखाना विकायची वेळ येणार नाही. खासगी कौटुंबिक ट्रस्टचे दार मात्र उघडे ठेवू नका. ब्रिटनमध्ये अशा अनेक ट्रस्टवर दर दहा वर्षांनी आकारणी होते, तसे काही करावे लागेल, नाहीतर 1985 ची पुनरावृत्ती होईल.

भांडवल पळून जाईल, ही भीती निराधार नाही. स्वीडनने 2004 च्या अखेरीस वारसा कर रद्द केला, नॉर्वेने 2014 मध्ये. पण जपानमध्ये वरचा दर 55 टक्के आहे, दक्षिण कोरियात 50, ब्रिटनमध्ये 40. सॅमसंगचे प्रमुख ली कुन-ही 2020 मध्ये वारले तेव्हा कुटुंबाला 12 लाख कोटी वोनहून अधिक कर लागला, आणि पाच वर्षांत सहा हप्त्यांनी तो भरण्याची सोय त्यांनी घेतली. सॅमसंग बंद पडली नाही, कोरियाबाहेरही गेली नाही. त्या दरांच्या तुलनेत 20 टक्के आणि तेही हप्त्याने, एवढ्यासाठी कोणी बेंगळुरूची बाजारपेठ आणि इथली माणसे सोडून जाईल असे मला वाटत नाही.

मुलांसाठी ठेवून जाणे ही आपली संस्कृती आहे, असेही बोलले जाते. आहेच. पण आपल्या इतिहासाला वारशाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. हेच बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होते. 1664 मध्ये ते गेल्यावर दक्षिणेतले सारे व्यंकोजीराजांकडे राहिले, आणि 1677 मध्ये खुद्द शिवाजी महाराजांनी सावत्र भावाकडे त्यातला निम्मा वाटा मागितला. त्याच महाराजांनी आपल्या राज्यात नवी वतने देण्याचे टाळले आणि चाकरीचा मोबदला रोख देण्यावर भर दिला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात सावकार-व्यापाऱ्यांचे प्रकरण आणि वतनदारांचे प्रकरण एकापुढे एक ठेवून वाचावे. व्यापाऱ्याला राज्याची शोभा मानून त्याला जपायला सांगितले आहे. वतनदाराला दुखवू नये, पण त्याचे बळ वाढू देऊ नये, असा इशारा आहे. कमावून मोठा झालेला आणि जन्माने मोठा झालेला, यांच्याशी राज्याने सारखेच वागू नये, हे अठराव्या शतकाच्या आरंभी एका मराठी मुत्सद्द्याला कळत होते. आपली आजची करव्यवस्था नेमकी उलटी आहे. व्यापार करणाऱ्याला तिची धग लागते आणि वतन मोकळे राहते.

एप्रिल 2024 मध्ये, निवडणुकीच्या ऐन धुमाळीत, काँग्रेसच्या सॅम पित्रोदांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा विषय काढला. आपल्या पक्षाने टीकेची झोड उठवली, काँग्रेसने लगेच अंग काढून घेतले, आणि असा कर मध्यमवर्गाला लागेल अशी काळजी आपणही बोलून दाखवली. 25 कोटींच्या मर्यादेपलीकडे मध्यमवर्ग येत नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात सरकारच्या प्रत्येक रुपयातले 22 पैसे व्यक्तींच्या आयकरातून आणि 17 पैसे कंपन्यांच्या करातून येतील, असे आपणच मांडले. मध्यमवर्गाने आपला वाटा आधीच उचललेला आहे. आता त्याच्या वरच्यांची पाळी आहे.

आणि हा पैसा दिल्लीत ठेवू नका. पंधराव्या वित्त आयोगात कर्नाटकाचा हिस्सा 4.71 वरून 3.647 टक्क्यांवर आला, तेव्हापासून या राज्यात खदखद आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये इथले मंत्रिमंडळ जंतरमंतरवर जाऊन बसले होते. मूळ 269 व्या अनुच्छेदाचा आत्मा पुन्हा जागवा, वसुली केंद्राने करून उत्पन्न राज्यांना द्या. राज्यांनी त्यातला ठरावीक भाग महापालिकांना द्यावा असे बंधन घाला. बेंगळुरूत 2020 पासून निवडून आलेले नगरसेवक नाहीत. महापालिकेचे पाच तुकडे झाले, पण पाण्याचे आणि रस्त्याचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न पाचही ठिकाणी तोच आहे.

एका अर्थसंकल्पात हे सारे होणार नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून आत्ता दोनच मागण्या करतो. पहिली, पुढच्या वित्त विधेयकात भागीदारी पेढ्यांचा दर कंपन्यांच्या दराला आणा. नगरथपेटेतल्या भावांना त्यासाठी समितीच्या अहवालाची वाट पाहायला लावू नका. दुसरी, गेल्या दहा वर्षांत खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांच्या नावे किती किमतीचे शेअर झाले, त्यातले 25 कोटींच्या वरचे किती आणि 100 कोटींच्या वरचे किती, हा आकडा दोन्ही डिपॉझिटऱ्यांकडून मागवून, कोणाचेही नाव न घेता, संसदेच्या पटलावर ठेवा. त्याला कायदा लागत नाही, आपले एक पत्र पुरेल.

आपला,
नगरथपेटेतला एक मराठी हिशेबनीस
बेंगळुरू